साहेबाची गोळी

"बाबा, गोळी लागली, तर मग भोक कुठंय?"

हा प्रश्न माझा नव्हे. गोदीचा आणि तिच्या कंपूचा. मी त्याला फक्त तोंड दिलं. झेंडावंदनाच्या रांगेत गोदी मागून सारखी टोचत होती, "तालुक्याला भाषणात नंबर काढून आलीस ना? मग विचार की! का फक्त पाठ केलेलंच बोलता येतं?" आता असं म्हटल्यावर कोण गप्प बसेल? मी तरी नाही. आधी बसायचे. मागच्या वर्षीपर्यंत बाईंनी नाव घेतलं तरी माझे कान लाल व्हायचे. पण तालुक्याच्या त्या स्टेजवरून खाली उतरले, आणि काय झालं कोण जाणे, मला माझाच आवाज आवडायला लागला.

तर, पंधरा ऑगस्ट. शाळेचं पटांगण. दरवर्षीप्रमाणे झेंड्याच्या शेजारी खुर्चीत कोंडीरामबाबा बसलेले. आमच्या शाळेत खुर्च्या मोजक्या, त्यातली हातांची एकच, आणि ती त्या दिवशी बाबांची. डावा डोळा पांढरा, भुवईच्या वर वाटीसारखी खोक. हेडमास्तर दरवर्षी तेच वाक्य म्हणायचे, "साहेबाची गोळी कपाळावर झेललेले आपले कोंडीरामबाबा!" मग टाळ्या. मग साखरफुटाणे.

माझा प्रश्न नेमका टाळ्या आणि साखरफुटाणे यांच्यामध्ये पडला. हेडमास्तरांचा हात फुटाण्यांच्या टोपलीतच राहिला.

कोंडीरामबाबांनी चांगला डोळा माझ्यावर रोखला. मग हसले. "भोक व्हय? भोक माळावर हाय की, पोरी! जाऊन बघ."

हशा उसळला. मास्तर हसले, पोरं हसली, गोदी तर वाकून वाकून हसली. दोन माणसं हसली नाहीत. एक शकू, बाबांची नात, माझी मैत्रीण. तिनं हातातले फुटाणे परत टोपलीत टाकले आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. दुसरे रंगराव. नव्या बागेचे राखणदार म्हणून त्यांना पहिल्या ओळीत बसवलं होतं. ते शेंगा फोडत होते. बाबांचं उत्तर ऐकलं, आणि त्यांची बोटं थांबली. त्यांनी बाबांकडे असं बघितलं की जणू बाबा नको ते बोलून गेले.

तिथंच माझ्या डोक्यात किडा शिरला.

माळ म्हणजे दिघी आणि भोसरी यांच्यामधला मोठा मोकळा माळ. त्याच्या पलीकडे लष्कराची हद्द. त्या हद्दीत खरीखुरी चांदमारी आहे. नेमबाजी सुरू असली की टेकडीवर लाल निशाण चढतं, आणि निशाण दिसलं की तिकडं शेळीसुद्धा वळवायची नाही, हे आमच्या भागातल्या रांगत्या पोराला कळतं. आता गंमत बघा. अलीकडच्या माळावरही लाल निशाणं होती. नऊ. मोठ्या लढाईच्या काळात गोऱ्या साहेब लोकांची छावणी पडली, तेव्हापासूनची. कापड फाटायचं, कुणीतरी नवीन लावायचं. प्रत्येक निशाणाभोवती एक काळाकुळकुळीत गोल डाग, जळल्यासारखा. सगळे म्हणायचे, तोफगोळ्याचे डाग ते. त्याच माळावर बाबांना गोळी लागली. मग तिकडं जाणार कोण? आम्ही दिघीची पोरं भोसरीच्या शाळेला जायचो ते सगळ्या माळाला वळसा घालून, बाभळीच्या सुनसान वाटेनं. त्या वाटेपायी शकूची आई दर आठवड्याला म्हणायची, "पुरं झाली आता शाळा." शेरडं तर माळाच्या कडेला उभी राहून आतल्या गवताकडे बघत बसायची.

आणि आता त्याच माळावर बाग व्हायची होती. पिंपरीकडं नवीन कारखाना उभा राहिला, त्याच्या कॉलनीतले साहेब आणि आपली पंचायत यांनी मिळून बाग करायची ठरवली, अगदी पुण्यासारखी. फाटक बसलं, गुलमोहर लागले, बोर्ड लागला: 'सार्वजनिक बाग व खेळाचे मैदान. सर्वांसाठी खुले.' सर्वांसाठी खुले, आणि आत कुणीच नाही! बोर्ड वाचायचा, निशाणाकडं बघायचं, आणि वळसा घालून जायचं. गावातले लोक म्हणत, "आत बोलावतील आणि कागदावर अंगठे घेतील. कारखान्याला जमीन पायजे न्हवं का?" पिंपरीकडं आधी मोजणीच्या खुंट्या मारल्या होत्या आणि मग शेतं गेली होती, त्यामुळे ते म्हणणं खोटं म्हणायचीही सोय नव्हती.

येत्या महिन्यात उद्घाटन. फीत कोंडीरामबाबा कापणार. आणि माळाचा इतिहास कोण सांगणार? मी! आमच्या वर्गाच्या कुसुमबाईंनी माझं नाव दिलं होतं. "पाच मिनिटं बोल, पण खरं बोल," म्हणाल्या. "ऐकीव नको."

आता सांगा. बाबांच्या गोळीशिवाय त्या माळाचा इतिहास तो काय? आणि भोक माळावर आहे म्हणजे काय?

घरी आले तर बातमी माझ्या आधी पोचली होती. आई चुलीपुढं बसून भाकरी अशी थापत होती की जणू माझ्याच गालावर. "अगं सटवे, त्यांच्या घरात राहतो आपण! त्यांच्याच आडाचं पाणी पितो!"

तेही खरंच. आम्ही कोरेगावकडचे. माझे वडील, अण्णा, पिंपरीच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि दिघीत कोंडीरामबाबांच्या वाड्यालगतच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. शकूचं आणि आमचं अंगण एकच.

अण्णा सकाळची शिफ्ट करून आले होते. कपड्यांना मशिनच्या तेलाचा वास. ते ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नाहीत, त्यामुळे जास्त लागतं. "द्वारके, आपण बाहेरची माणसं. गावानं ज्याला मान दिला त्याला भोक विचारायचं नसतं."

"पण अण्णा, भोक नाहीये! खोक आहे. गोळी आत गेली तर बाहेर—"

"जेव."

जेवले. पण किडा काही जेवून झोपला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गोदीला म्हटलं, "चल माळावर." हीच ती शूर गोदी. बोर्डापर्यंत आली, लाल निशाण वाऱ्यावर फडफडलं, आणि हिच्या पोटात दुखायला लागलं. "मी इथंच उभी राहते. तुला काही झालं तर सांगायला कुणीतरी नको का?"

मी आत गेले. खरं सांगते, पहिल्या निशाणापर्यंत मी पावलं मोजत गेले. काळ्या डागाच्या कडेला पोचले तेव्हा डोळे अर्धे मिटलेलेच होते. मग खाली वाकले. ती जळकी माती नव्हतीच. वाळू होती, चाळून पसरलेली, हातानं सारखी केलेली. चिमूटभर उचलून नाकाशी नेली, आणि मला घरच्यासारखं वाटलं. अण्णांच्या कपड्यांचा वास! मशिनचं जळकं तेल. वाळूत तेल ओतलं होतं कुणीतरी, ती उडू नये म्हणून असेल. तोफ कसली नि गोळा कसला!

मधोमध निशाणाची काठी. ती उपटली. खाली भोक. गोल, स्वच्छ, आत पत्र्याचा डबा बसवलेला. भोक माळावर हाय की, पोरी. जाऊन बघ.

"ए! कोन हाय त्ये? ठेव ती काठी!"

रंगराव धावत आले, हातात वाळू सारखी करायचं फळकूट. मला बघून थांबले. "तू भाडेकऱ्याची द्वारकी न्हवं? कुनी धाडलं तुला? पंचायतीनं?"

"कुणी नाही. बोर्डावर लिहिलंय, सर्वांसाठी खुले."

"बोर्ड वाचून कोन येतं व्हय!" ते चिडून म्हणाले. मग स्वतःच्याच बोलण्याचं त्यांना हसू आलं. पण नजर काही सैल पडली नाही. माझीही नाही. आम्ही दोघं त्या भोकाच्या दोन बाजूंना उभे, एकमेकांना जोखत.

"काका, हा डबा कशाला?"

"खेळ हाय. गोल्फ म्हनत्यात. लढाईत सायब लोकांनी केला. मी त्यांच्या काठ्या वाहायचो, पोरगा व्हतो तवा. त्ये ग्येलं, तरी निशानं आनि वाळू मीच राखली. भोकाभवती बारीक हिरवळ टिकंना, म्हून त्याल घालून वाळू बसवली. आता कॉलनीचं सायब ह्येच पुन्हा चालू करनार. बागेत गोल्फ, कुनीबी खेळा. काठ्या बी बागेच्याच."

"आणि खेळायचं कसं?"

"सोपं हाय. लांब तिकडं उभं ऱ्हायचं, काठीनं गोळी मारायची, आनि मारत मारत ह्या भोकात घालायची."

गोळी मारायची.

मी तो शब्द तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणून बघितला. रंगरावांनाही कळलं की आपल्या तोंडून काहीतरी सांडलं. त्यांनी फळकूट वाळूवरून उगीच एकदा फिरवलं.

"कसली गोळी, काका?"

"गोळी म्हंजे गोळी. खेळायची. पांढरी."

"सगळे तिला गोळीच म्हणायचे? तेव्हाही?"

"मग काय म्हननार? सायब बॉल म्हनायचा. आमी पोरं गोट्या खेळनारी. आमी गोळीच म्हनायचो."

"मग कोंडीरामबाबांना—"

"त्येला इचार!" ते पटकन म्हणाले. आणि लगेच, "न्हाई, नगं इचारू. म्हाताऱ्याला कशाला? जा घरी. आनि काठी हाय तिथं लाव."

मी काठी लावली, पण पाय हलवले नाहीत. "मग निशाण लाल का? इथं चांदमारी नाही हे तुम्हाला माहीत होतं. गावाला का नाही सांगितलं?"

"सांगितलं की! पैल्यांदा सांगत व्हतो. कोन ऐकतंय? म्हनले, सायबाचं खाल्लंय ह्यानं, सायबाचंच गानार." ते दूर बघू लागले. "मग म्हनलं, बरंच हाय. शेरडं येत न्हाईत, पोरं येत न्हाईत, वाळूवर पाय उठत न्हाईत. राखन आपसूक."

म्हणजे बोर्ड सर्वांसाठी खुले, आणि निशाण सर्वांसाठी बंद! मला त्यांचा राग आला, आणि विश्वास तर अजिबातच बसला नाही. खेळाची गोष्ट बनवून सांगत असतील तर? आत माणसं गोळा करायची, मग अंगठे? तो तेलाचा वास खरा, पण वासावर भाषण करता येतं का?

परत येताना फाटकाजवळच्या घाणेरीच्या झुडपात काहीतरी पांढुरकं दिसलं. काट्यांत हात घालून काढलं. लिंबाएवढी, पिवळट पडलेली, अंगभर बारीक खळगे असलेली, दगडासारखी टणक गोळी. परकराच्या ओच्यात टाकली. गोदी अजून पोट धरून उभी होती.

"काय सापडलं?"

"काही नाही," मी म्हटलं. गोदीशी खोटं बोलायची ही माझी पहिलीच वेळ. पण गोदीला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं, आणि शकूचं तोंड माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

चार दिवस ती गोळी माझ्या दप्तरात होती. त्या चार दिवसांत मी सगळ्यांकडे संशयानं बघितलं. रंगराव आमच्या दारावरून गेले की वाटायचं, हे बाबांना सांगून आले. बाबा अंगणात खाकरले की वाटायचं, आता अण्णांना खोली सोडा म्हणणार. हेडमास्तर मला बघून हसले तरी वाटायचं, यांनाही माहीत होतं. आणि शकू? ती आडावर मी असले की घागर रिकामी घेऊन परत जायची.

पाचव्या दिवशी मला गोठ्यातून बाबांची हाक आली. "ए भोकवाली! हिकडं ये."

बाबा बैलाच्या पाठीवरच्या गोचिडी काढत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "रंग्या आलता. म्हनला, पोरगी वाळूचा वास घेऊन ग्येली. काय घावलं?"

मी दप्तरातून गोळी काढून त्यांच्या पुढं धरली. 

बाबांनी ती घेतली. तळहातावर फिरवली, वजन बघितलं. मग हळूच भुवईवरच्या खोकेवर टेकवली. अंडं घरट्यात बसावं तशी ती बसली.

"हीच म्हनत न्हाई," ते म्हणाले, "पन हिची भैन."

मी बैलाच्या गव्हाणीवर टेकले.

"गुरं राखत व्हतो माळावर. डोळ्याफुडं पांढरं काहीतरी आलं, बास. सायबानंच उचलून लष्कराच्या दवाखान्यात नेलं, रंग्या संगट व्हता. दुसऱ्या रोजी त्यांच्याच गाडीनं आनून सोडलं, डोक्याला ही एवढी पट्टी. आख्खं गाव वेशीवर. तवा दिवस कसलं व्हतं! जो तो तुरुंगात, कुनाचा भाऊ, कुनाचा ल्योक. मला इचारलं, काय झालं रं? मी म्हनलं, सायबाची गोळी लागली."

"आणि मग?"

"मग काय! मंजुळानं, माझ्या बायकूनं, तिथंच बोंब मारली. कुनीतरी गुलाल आनला. मला खांद्यावर घ्येतला. पट्टीखाली असा ठनका लागलाय, आनि लोक 'कोंडीराम की जय' म्हनतायत." बाबांना हसू फुटलं, मग ते ओसरलं. "दोन दिसांनी शुद्धीवर आल्यागत झालं. म्हनलं, आता सांगावं, खेळायची व्हती. पन रंग्या सांगाय ग्येला तर लोक त्येला मारायला धावलं. मी गप बसलो. खोटं येक अक्षर बोललो न्हाई, पोरी. खरं बोललो, आनि गप बसलो."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होते. खरं वाटत होतं. पण आधीही खरंच वाटलं होतं ना, इतकी वर्षं? म्हाताऱ्या माणसाला मला गुंडाळायचं असेल तर असंच बोलेल, बैलाची गोचीड काढत. मी विचारलंच, "मग त्या दिवशी सगळ्यांसमोर 'भोक माळावर आहे' असं का म्हणालात?"

"कुनीतरी जाऊन बघावं म्हून," ते म्हणाले. "कुनी इचारलंच न्हवतं कवा."

हे मात्र मला एकदम पटलं. का ते विचारू नका. पटलं.

"माझ्या त्या येका शब्दापायी माळ ग्येला गावाचा," ते पुढं म्हणाले. "माझीच शेरडं वळसा घालून जात्यात. शकी बाभळीच्या वाटंनं जाती. ती शाळंला ग्येली की परत येईस्तवर मी दारात बसून ऱ्हातो. पन पोराचं लगीन त्या गोळीवर जमलं, हेडमास्तर खुर्ची देतो, पंचायतीत माझ्या आदी कुनी बोलत न्हाई. ह्या वयात काय हातात ऱ्हाईल? बारकी पोरं 'गोटी लागलेला कोंड्या' म्हनतील." त्यांनी गोळी माझ्या हातात परत ठेवली. "तू भाषन करनार हायेस. तुला काय बोलायचं ते बोल. फकस्त येक कर. सांगायचं असलं तर फीत कापायच्या आदी सांग. खुर्चीत बसवून, कात्री हातात देऊन, मग नगं."

गोठ्याच्या कुडामागून कुणीतरी नाक ओढलं. शकू! कुडाला कान लावून उभी. डोळे लाल, हातात शेणाची पाटी.

"ऐकलंस सगळं?"

"तू जर भाषणात हे बोललीस," ती म्हणाली, "तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

"आणि नाही बोलले तर?"

"तरी नाही!" मग तिनं पाटी खाली ठेवली आणि हुंदका देऊन विचारलं, "कसलीय ती गोळी? दाखव."

दाखवली. ती खळग्यांवरून बोट फिरवत राहिली. आजोबांनी जसं वजन बघितलं होतं तसंच बघितलं. मग शेणाच्या हातांनीच ती अंगणात टाकली. टणक मातीवर आपटून गोळी अशी उडाली की कोंबड्या चारी दिशांना पळाल्या. शकू हसली. मीही. मग दोघी पुन्हा गंभीर झालो, कारण गंभीर व्हायलाच हवं होतं.

"पण द्वारके," ती म्हणाली, "लोक माळावर जात नाहीत ते आजोबांमुळं, का निशाणामुळं?"

"दोन्हींमुळं."

"माझी आई तर म्हणते, लाल दिसलं की जायचं नाही. लालच का लावतात?"

"रंगरावकाका म्हणतात, राखण आपसूक होते."

"दुसरं लावलं तर?"

मी शकूकडे बघितलं. ही पोरगी गणितात माझ्या मागे आहे, भाषणात तर बोलायलाच नको, आणि बघा! लाल निशाण म्हणजे चांदमारी. मग लाल नसलेलं निशाण म्हणजे? चांदमारी बंद. हे गावाला शिकवायलाच नको, गावाला ते आधीपासून येतं.

तिथून मी थेट कुसुमबाईंच्या घरी गेले, शकूला ओढत. बाईंना बाबांचं काहीच सांगितलं नाही. फक्त विचारलं, "बाई, एखादं वाक्य अक्षरन्अक्षर खरं असेल आणि लोकांनी त्याचा वेगळा अर्थ घेतला, तर दोष कुणाचा?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांनाही संशय आला, हे मला दिसलं. "ज्याचं वाक्य आहे त्याला अर्थ सांगायची संधी दिली होती का, हे आधी बघायला हवं," त्या म्हणाल्या. "का गं? कुणाचं वाक्य?"

"एका गृहस्थांचं," मी म्हटलं. शकूनं माझा दंड असा चिमटला की अजून निळा आहे.

पण उत्तर मिळालं होतं.

घरी आले तेव्हा अण्णा अंगणात सायकलची साखळी पुसत होते आणि आई तांदूळ निवडत होती. मी दोघांच्या मध्ये उभी राहिले. भाषणाला राहतात तशी, पाय जुळवून.

"आता काय?" आई म्हणाली.

"मी ठरवलंय. भाषण मी करणार. छावणीच्या साहेबांनी हा खेळ मांडला हे सांगणार, रंगरावकाकांनी काठ्या वाहिल्या हे सांगणार, वाळूला तेलाचा वास येतो तेही. आणि मग म्हणणार, याच माळावर कोंडीरामबाबांना साहेबाची गोळी लागली. तेवढंच."

अण्णांनी साखळी सोडली. बाबांनी त्यांना काही सांगितलं होतं की काय कोण जाणे, पण ते माझ्याकडे जरा वेगळं बघत होते. "आणि कुणी विचारलं, कसली गोळी, तर?"

"ते विचारायच्या आधीच ती गोळी मी बाबांच्या हातात देणार. बंद मुठीत. फीत कापायच्या आधी. मूठ उघडायची, का तशीच ठेवायची, ते बाबा ठरवतील. वाक्य त्यांचं आहे, अर्थ त्यांनी सांगायचा. त्यांना आत्ताच सांगून आले. त्यांनी बैलाची आणखी एक गोचीड काढली. मग म्हणाले, बघू."

"आणि मूठ उघडली न्हाई तर गाव तसंच भेनार माळाला," आई म्हणाली. तांदळातला खडा तिनं बाजूला टाकला. "मग तुझ्या भाषणाचा उपेग काय?"

ह्या प्रश्नाची तर मी वाटच बघत होते!

"नाही भिणार. कारण त्या दिवशी माळावर एकही लाल निशाण नसणार. मी आणि शकू दोघी मिळून नऊच्या नऊ बदलणार, आणि पहिली गोळी पण आम्हीच मारणार. रंगरावकाका ओरडले तर मी त्यांना त्यांचाच बोर्ड वाचून दाखवीन." मी एक श्वास घेतला. "आणि आई, ट्रंकेतलं तुझं ते जुनं हिरवं लुगडं मी उद्या फाडणार आहे. विचारत नाहीये. सांगतेय."